आपला हिशोब आपण मांडावा



आजच्या भाषणाचा विषय ऐकायला जरा जड आहे : आत्मपरीक्षण आणि स्वावलंबन. शब्द मोठे असले, तरी गोष्ट घरातलीच आहे. वाणी रात्री वही मिटण्यापूर्वी जमा आणि नावे यांचा मेळ घालतो. घरधनीण रांधून झाल्यावर डब्यात पीठ किती उरले, ते बघते. तसाच आपल्या कामाचा मेळ आपण घालायचा, एवढाच याचा अर्थ. पैशाचा हिशोब आपण ठेवतो. पण आपण कोणता निर्णय कशामुळे घेतला, याचा हिशोब फार थोडे लोक ठेवतात.

आता हे उपयोगी कसे पडते, ते जुन्नर तालुक्यातल्याच उदाहरणाने पाहू. नारायणगावाला खेटून असलेली वारूळवाडी आणि भोवतालचा मुलूख म्हणजे टोमॅटोचा मुलूख. नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्यभर प्रसिद्ध आहे. २०२३ सालचा पावसाळा इथल्या लोकांना चांगला आठवत असेल. त्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव गेला. काही घरांचे वर्षानुवर्षांचे कर्ज फिटले. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात राज्यात ठिकठिकाणी किलोला पाच रुपयेही मिळेनात. तोडणीची मजुरी नि गाडीभाडे सुटत नाही म्हणून माल रस्त्याकडेला ओतावा लागला.

यात नशिबाचा भाग होताच. पण नशिबापाशीच थांबलो, तर हाती काही लागत नाही. जरा मागे जाऊन बघा. टोमॅटोचे रोप शेतात लावल्यापासून पहिली तोडणी यायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात. म्हणजे जुलैचा भाव पाहून जुलैत लावलेले रोप सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात बाजारात येणार. तोवर भाव पाहून ज्यांनी ज्यांनी लावले, त्या सगळ्यांचाच माल येणार! आपण भाव पाहिला तो आजचा, आणि माल नेणार तो अडीच महिन्यांनंतरच्या बाजारात. ही गोष्ट कुणा शेतकऱ्याला ठाऊक नाही असे नाही. ठाऊक असते, पण शेजाऱ्याची भरलेली गाडी पाहिली की मन ते ऐकत नाही. अशा वेळी स्वतःला विचारण्यासारखा एकच प्रश्न असतो : ‘हे पीक मी माझ्या अंदाजाने लावतोय, की दुसऱ्याचं बघून?’ या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला जो शिकला, तो स्वावलंबनाच्या पहिल्या पायरीवर आला. त्याचा अंदाज कधी चुकेल, कधी बरोबर येईल. पण तो त्याचा स्वतःचा असेल, आणि म्हणून पुढच्या हंगामाला त्याला तो सुधारता येईल. दुसऱ्याचे बघून घेतलेला निर्णय चुकला, तर त्यातून शिकायचे तरी काय?

याकरिता एक साधी वही करावी. पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात लिहावे : मी काय केले आणि काय समजून केले. दुसऱ्यात : प्रत्यक्षात काय घडले. तिसऱ्यात : पुढल्या खेपेस काय बदलीन. रोज लिहिणे होत नसेल, तर आठवड्याच्या बाजारादिवशी लिहावे. चार ओळी पुरेत. लिहिता येत नसेल, त्यांनी नातवाला सांगून लिहवून घ्यावे. नातवालाही शेती कळेल. पहिला रकाना मात्र काम करण्याच्या वेळीच भरावा. निकाल लागल्यावर माणसाची स्मरणशक्ती मोठी लबाड होते. ‘मला आधीच वाटलं होतं’ असे आपण सगळेच म्हणतो. वाटले होते की नव्हते, ते वही सांगते.

कुणी म्हणेल, “अहो, विचार करून करून तर झोप उडालीय. आणखी किती विचार करायचा?” हा आक्षेप खरा आहे. म्हणून एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. झुरणे निराळे आणि तपासणे निराळे. ‘माझ्याच वाट्याला हे का आलं?’ हा प्रश्न रात्रभर घोळवला, तरी सकाळी आपण होतो तिथेच असतो. उलट ‘यातलं माझ्या हातात काय होतं? आणि उद्या सकाळी त्यातलं काय करता येईल?’ असे विचारले की उत्तर लहान असेल, पण मिळते. माती तपासून घेता येईल. सगळ्या रानात एकच पीक न घेता दोन घेता येतील. लागवड एकदम न करता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन तुकड्यांत करता येईल. तपासणीला शेवट असतो. झुरणीला शेवट नसतो.

आपल्याजवळ काय नाही याची यादी सगळ्यांची तोंडपाठ असते. आपल्याजवळ काय आहे, हे पाहायला मात्र नजर लागते. याचे एक मोठे उदाहरण नारायणगावाजवळच खोडदला उभे आहे. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या तुम्ही येताजाता पाहता. एकूण तीस तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. या कामाचे प्रणेते डॉ. गोविंद स्वरूप. आधी त्यांनी १९७० च्या सुमारास दक्षिणेत उटीला एक दुर्बीण उभारली होती. तिथे त्यांनी डोंगराचा असा उतार शोधला, की त्याचा कल त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे अकरा अंश होता. त्यामुळे दुर्बीण पृथ्वीच्या आसाला समांतर बसली, आणि एकाच अक्षाभोवती फिरवून आकाशातल्या ताऱ्याचा माग ठेवता येऊ लागला. जे काम किमती यंत्राने करायचे, ते डोंगराच्या उताराने केले.

खोडदलाही तीच दृष्टी. ज्या लहरींचा अभ्यास करायचा, त्या मीटरभर लांबीच्या. एवढ्या लांब लहरींना भरीव पत्र्याची गरज नसते. बारीक तारेची जाळीही त्यांना परतवते. मग ताणलेल्या दोरांवर जाळी बसवून तबकड्या केल्या. वजन घटले, वारा आरपार जाऊ लागला, खर्च आवाक्यात आला. श्रीमंत देशांकडे आहे ते आपल्याकडे नाही, म्हणून ही माणसे अडून बसली नाहीत. आपल्याकडे काय आहे, आणि कामाला खरोखर किती लागते, हे दोन प्रश्न त्यांनी नीट विचारले. आज जगभरचे शास्त्रज्ञ या दुर्बिणीवर काम करण्यासाठी वेळ मागतात. आपल्या दोन एकरांनाही हेच दोन प्रश्न लागू आहेत.

आता शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि आपल्या श्रमातून आपल्या शिक्षणाला हातभार लावीत. कर्मवीरांनी मुलांच्या मनात बिंबवले ते असे, की शिक्षण ही भीक नव्हे. ते आपल्या कष्टांनी मिळवायचे असते. ज्या मुलाने ते कष्टाने मिळवले, त्याला अभ्यासाला बसवावे लागत नाही.

वर्गात याची सुरुवात लहानशा गोष्टीने करता येते. अपूर्णांकाच्या गणितात मूल अडले, तर ‘तुला गणित येत नाही’ असे म्हणू नये. ‘तुला कुठपर्यंत येतं आणि कुठल्या पायरीवर अडतं?’ असे विचारावे. पायरी त्याने स्वतः शोधून दाखवावी. छेद समान करण्यापाशी मी अडतो, हे ज्या मुलाला सांगता आले, त्याचे निम्मे काम झाले. शाळा सुटण्याआधी पाच मिनिटे मुलांना दोनच ओळी लिहू द्याव्यात : आज मला काय जमले, आणि उद्या मी काय विचारणार. त्या वहीला गुण देऊ नयेत. गुण दिले की मुले खरे लिहीत नाहीत. दहावीत नापास झालेले मूल ‘मी नापास’ म्हणून घरी बसते, तेव्हा त्याला हा भेद समजावून देणारा कुणीतरी हवा असतो. दोन विषय राहिले, म्हणजे मूल नापास झाले नाही. दोन विषय राहिले.

उमेदीची गोष्टही अशीच आहे. उमेद आली की काम करीन, असे म्हणणारा वाटच पाहत राहतो. काम थोडे तरी सुरू झाले की उमेद मागून येते. बचत गटातल्या भगिनींना हे पक्के ठाऊक आहे. महिन्याला थोडी थोडी रक्कम, सगळ्यांसमोर मांडलेला हिशोब, आणि वर्षाअखेरीस वहीत दिसणारी बाकी. त्या आकड्याने जो धीर येतो, तो कोणाच्या उपदेशाने येत नाही.

शेवटी एक इशारा दिला पाहिजे. आत्मपरीक्षण म्हणजे सगळा दोष स्वतःच्या माथी मारून घेणे नव्हे. पाऊस, बाजाराचे धोरण, विजेची वेळ या गोष्टी एकट्याच्या हातात नसतात. वहीत त्या वेगळ्या लिहाव्यात, आणि ते पान ग्रामसभेत न्यावे. दहा घरांच्या वह्यांत एकच तक्रार निघाली, तर ती तक्रार गावाची झाली. तसेच, मन फारच खचले असेल, तर एकट्याने वही घेऊन बसू नये. घरच्यांशी, मित्राशी, डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे. मदत मागणे हे स्वावलंबनाच्या विरुद्ध नाही. कोणती मदत हवी हे ज्याचे त्याला कळणे, हाही त्याचाच भाग आहे.

आपल्याकडे म्हण आहे, आयत्या बिळावर नागोबा. वाळवी एकेक कण आणून वारूळ उभारते आणि राहायला येतो नाग. ज्या वाडीच्या नावातच वारूळ आहे, तिथल्या लोकांना एकेका कणाचे मोल वेगळे सांगायला नको. तेव्हा आज जेवणे झाली की घरातली एखादी कोरी वही काढा, तीन रकाने आखा, आणि पहिल्यात उद्याचे एक काम लिहा. ते काम काय समजून करणार, तेही लिहा. पुढच्या बाजारादिवशी दुसरा रकाना भरा.