सुट्टीचं घर : आधी हिशेब, मग हौस

अलिबाग, दापोली, महाबळेश्वर, कुठल्याही रस्त्याला लागा, जाहिरातीची पाटी दिसतेच : निसर्गाच्या कुशीत घर घ्या, शनिवार-रविवार भाड्याने द्या, कर्जाचा हप्ता आपोआप सुटेल. हे ‘आपोआप’ आज जरा कागदावर मांडून पाहू.

समजा, दापोली तालुक्यात समुद्राजवळ तुम्ही 60 लाखांना एक टुमदार घर घेतलं. रात्रीचं भाडं 6,000 रुपये. वर्षातले शनिवार-रविवार धरले तर 104 रात्री होतात. पण जून ते सप्टेंबर कोकणात धो-धो पाऊस आणि मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची गर्दी जमेस धरूनही 90 रात्री भरल्या तर चांगलंच म्हणायचं. म्हणजे आले 5 लाख 40 हजार.

आता खर्चाची बाजू. घर सांभाळणाऱ्या माणसाचा पगार महिना 12,000, म्हणजे वर्षाचे 1 लाख 44 हजार. ऑनलाइन बुकिंगचं कमिशन 15 टक्के धरलं, तर 81 हजार. चादरी-टॉवेलची धुलाई आणि साफसफाई 45 हजार, वीज-पाणी-इंटरनेट 60 हजार, डागडुजी 60 हजार. हातात उरले दीड लाख. गुंतवणुकीवर अडीच टक्के! 40 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी काढलं असेल, तर पहिल्या वर्षी नुसतं व्याजच साडेतीन लाखांच्या वर जातं. घरपट्टी, विमा आणि प्राप्तिकर वेगळाच.

डागडुजीचा आकडा फुगवलेला नाही. खारा वारा बिजागऱ्या खातो, एसीचं बाहेरचं यंत्र गंजवतो. आषाढात घर बंद राहिलं की गाद्यांना बुरशी धरते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत घरांची छपरं उडवली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. तेव्हा विमा काढा, आणि त्यात वादळ-पूर येतो का, शिवाय पाहुण्यांना भाड्याने दिलेलं घर चालतं का, हे वाचून घ्या.

आता कागदपत्रं. महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच विकत घेता येते. त्यामुळे जमीन शेतीची की बिगरशेती (एनए), हे आधी पाहा. ‘एनए होणारच आहे’ हे विकणाऱ्याचं आश्वासन झालं. सरकारी नोंद नव्हे. सातबारा आणि फेरफार स्वतः वाचा. सामाईक सातबारा असेल, तर बाकीच्या हिस्सेदारांची संमती विचारा. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. बांधकामाची परवानगी मागा; ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. किनाऱ्याजवळ सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, निर्बंध आहेत, तर महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान ही पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं आहेत. घरापर्यंतचा रस्ता कोणाच्या मालकीचा, तेही विचारा. शेजाऱ्याने उद्या वाटेवर गडगा घातला, तर पाहुणे घरात शिरणार कुठून?

घर सुरू झाल्यावर प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र पाहून नोंदवहीत लिहा. परदेशी पाहुणा आला, तर 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. भाड्यासोबत जेवण आणि इतर सेवा देणार असाल, तर ते उत्पन्न व्यवसायाचं धरलं जाऊ शकतं. सनदी लेखापालाला आधीच विचारा.

मग असं घर घ्यायचंच नाही का? घ्या की! पण भाडं एक रुपयाही आलं नाही तरी हप्ता पगारातून फिटेल, आणि वर्षातले पंधरा-वीस दिवस घरचे सगळे तिथे राहतील, एवढी खात्री असेल तरच. ती नसेल तर दोन रात्रींचं भाडं भरून दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून जा. आणि घ्यायचं ठरलंच, तर विसार देण्यापूर्वी भर जुलैत, आठवड्याच्या मधल्या वारी, ते घर एकदा स्वतः पाहून या.