आटलेले सरोवर आणि सैन्याचा नकाशा



देशाचे संरक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोफा, विमाने आणि सरहद्दी उभ्या राहतात. पण सरहद्दीवरचे पाणीच आटले तर सेनापतीने काय करावे? आफ्रिकेतील चाड सरोवराच्या आधाराने हा प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

नायजेरिया, नायजर, चाड आणि कॅमेरून या चार देशांचे हे सामाईक सरोवर. १९६३ च्या सुमारास त्याचा विस्तार २५,००० चौरस किलोमीटरच्या आसपास होता. पुढच्या दोन दशकांतील अवर्षणांनी तो एकदशांशावर आला. नंतर पाऊस काहीसा परतला, सरोवरही थोडे सावरले. पण पावसाचा भरवसा गेला तो गेलाच. कोळी, शेतकरी आणि गुराखी एकाच ओल्या पट्ट्यासाठी भांडू लागले, आणि तंट्याचा निवाडा करणारे सरकार तिथे फारसे पोचलेलेच नव्हते. २००९ साली नायजेरियात ‘बोको हराम’ने बंड पुकारले, ते पुढे या काठांवर पसरले.

मग दुष्काळाने बंडखोर निर्माण केले काय? असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. तिकडे अवर्षण होते त्याच काळात, १९७२ साली, आपला महाराष्ट्रही करपत होता. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडून हातांना घट्टे पडले, पण त्या हातांत बंदूक आली नाही. कारण आपल्याकडे सरकार हजेरीपट घेऊन आले होते.

तिकडे ते मनाईहुकूम घेऊन आले. २०१५ साली नायजरच्या दिफा प्रांतात आणीबाणी पुकारली गेली आणि बंडखोरांचा पैसा तुटावा म्हणून मासळी व मिरची यांच्या व्यापारावर बंदी आली. लष्करी हिशेबाने हे समजण्याजोगे होते. परंतु त्याच मिरचीवर हजारो निरपराध घरांची चूल पेटत होती! ती विझल्यावर, तरुणाला चार पैसे देऊ करणारा बंडखोरच तेवढा उरला, तर फायदा कोणाचा?

२०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २३४९ मध्ये या प्रदेशाच्या अस्थैर्यात हवामानबदलाचा वाटा मान्य केला आणि सरकारांनी या धोक्याचा अंदाज घ्यावा असे बजावले. तो अंदाज केवळ पर्जन्यमापकाने घेता येणार नाही. सैन्याच्या नकाशावर शत्रूच्या ठाण्यांबरोबर विहिरी, कुरणे आणि आठवड्याचे बाजारही असले पाहिजेत. रस्ता बंद करण्यापूर्वी त्यावरून कोणाची भाकरी जाते, हे ज्याने विचारले नाही, त्याचे संरक्षण अपुरेच राहील.