धर्माचे मूळ आणि धर्माचे मोल



धर्माविषयी बोलताना आपण दोन प्रश्नांची गल्लत करतो. मानवी मनात धर्म कोठून उद्भवला, हा पहिला प्रश्न आणि त्याने माणसाचे कोणते हित साधते, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाला फ्रॉइडने 1927 साली दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. असहाय बालक पित्याचा आधार शोधते. निसर्गापुढे आणि मृत्यूपुढे तितकाच असहाय असलेला प्रौढ मनुष्य ईश्वराच्या रूपाने तोच पिता पुन्हा उभा करतो. फ्रॉइड धर्माला भ्रम म्हणतो. परंतु भ्रम म्हणजे केवळ चूक नव्हे, तर इच्छेपोटी जन्मलेली श्रद्धा, हेही तो स्पष्ट करतो. त्यापूर्वीच, 1901-02 मधील एडिंबरो येथील व्याख्यानांत, विल्यम जेम्सने बजावले होते की, मूळ सापडले म्हणून मोल ठरत नाही. वृक्षाची पारख फळांवरून करावी.

ही पारख या बंगळूर शहरातील संशोधकांनी प्रत्यक्ष करून पाहिली आहे. येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतील डॉ. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील मुत्तुस्वामी मंदिरात आश्रयाला आलेल्या 31 मनोरुग्णांची पाहणी केली. त्यांतील बहुतेकांना स्किझोफ्रेनिया होता. तेथे औषध नव्हते, खास विधीही नव्हते. रुग्णाबरोबर घरचे माणूस राही आणि रुग्ण मंदिरातील हलकीसलकी कामे करीत. सरासरी सहा आठवड्यांच्या वास्तव्यानंतर लक्षणांची तीव्रता सुमारे एक-पंचमांशाने उतरली, असे 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात म्हटले आहे. संशोधकांनी याचे श्रेय चमत्काराला न देता तेथील निर्भय, आपुलकीच्या वातावरणाला दिले.

पण याच तमिळनाडूत, 6 ऑगस्ट 2001 रोजी, एरवाडीच्या दर्ग्यानजीकच्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही. 28 जणांचा बळी गेला. तेथेही आप्तांना श्रद्धेनेच आणले होते.

दोन्ही ठिकाणी श्रद्धेचे मूळ एकच होते, असहायता. फळे मात्र भिन्न आली, कारण एके ठिकाणी त्या असहायतेला सोबत मिळाली, तर दुसरीकडे साखळी. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी केली आहे. सोबत मात्र कायद्याने देता येत नाही. ती आपणच द्यावयाची आहे. धर्माचे मोल आपण त्या ठिकाणी तपासावे, एवढेच माझे सांगणे आहे.