सहलीसाठी होडी ठरविताना
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



यंदाची सहल शिडाची कॅटामरान भाड्याने घेऊन मांडव्याच्या बाजूला न्यावी असा बेत निघाला आणि चौकशी माझ्याकडे आली. मी सातवी शिकलेली; हिला बोटीतले काय कळणार, असे कुणाच्या मनात आले असेल. पण बोहारणीशी घासाघीस करणारी बाई धक्क्यावरही दोन प्रश्न विचारू शकते. ते विचारून आले आहे.

कॅटामरान हा शब्द साहेबी वाटतो, पण मूळचा तामिळ. कट्टु म्हणजे बांधणे, मरम् म्हणजे लाकूड. तिकडचे कोळी ओंडके एकत्र बांधून समुद्रात जात, त्यावरून हे नाव आले. आजच्या कॅटामरानला दोन तळ असतात. पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसाला ढकलणे कठीण, तशीच ही कमी कलते. हिच्यात चहाचा पेला बहुधा जागेवर राहतो. मात्र ही उलटतच नाही असे समजू नका. शिडाची कॅटामरान उलटली तर आपण होऊन सरळ होत नाही.

भाडे माणशी नसते, सबंध होडीचे आणि तासांचे असते. खरी गोम इथेच आहे. "आणखी चौघी घेऊ, वर्गणी उतरेल," असे आपल्यातलीच कुणीतरी म्हणणार. एस्टीत सरकून बसता येते, समुद्रात नाही. परवान्यावर माणसांचा आकडा असतो, तो आधी पाहायचा. मांडीवरचे मूलही त्यात धरायचे. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, हे आपण सासूबाईंच्या तोंडून ऐकले आहे. ते जुने म्हणावे, तर १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल'ला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. पुष्कळांच्या अंगात जॅकेट नव्हते. म्हणून जॅकेट बाकाखाली नको, धक्क्यावरच अंगात हवे. फोटोत पदर दिसत नाही ही तक्रार मी ऐकून घेणार नाही.

दुसरे, वारा. शाळेत पाठ केलेले मतलई आणि खारे वारे इथे उपयोगी पडतात. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून येतो. दुपारी तो समुद्राकडून सुटतो आणि लाटा वाढतात. ज्यांना एस्टीतही मळमळते त्यांच्यासाठी सकाळच बरी. आल्याची वडी मी करून आणीन.

आणि सर्वांत महत्त्वाचे. वारा बिघडला तर परत फिरायचे की नाही, हे तांडेलाने ठरवायचे. सबंध होडीचे पैसे मोजले की माणसाला वाटते होडी आपलीच. मग "एवढे आलोय तर किनारा तरी पाहू" म्हणून आपण त्याच्या मागे लागतो, आणि गिऱ्हाईक तुटेल म्हणून तो बिचारा ऐकतो. यासाठी अर्ध्यातून परतल्यास पैशांचे काय, हे निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावे. म्हणजे त्याला भीड नाही आणि आपल्यालाही वाद नाही. तो लिहून देत नसेल तर दुसरी होडी पाहू. नाहीच मिळाली तर बागेत जाऊन भेळ खाऊ.

येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत माझ्याकडे नावे द्यावीत. मुलांची वये आणि वजनेही लिहावीत. त्यांची जॅकेटे लहान मापाची सांगावी लागतात.