जुने चित्रपट आणि आमची गुणपत्रिका



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभतात. तेथे उभे राहून आम्ही सिनेमाविषयी बोलावे, आणि तेही प्रत्येक चित्रपटाला शंभरापैकी गुण देत बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु गुण देणे हे दिसते तितके पोरकट काम नाही. ‘चित्रपट छान आहे’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. ‘शंभरापैकी सत्तर’ म्हटले की उरलेल्या तिसांचा हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब आज आपल्यापुढे मांडावा, एवढाच आमचा हेतू आहे.

परीक्षक म्हणून आमच्या कसोट्या तीन. पहिली, जे सांगायचे ते चित्राने आणि ध्वनीने सांगितले आहे, की पात्रांना समोरासमोर उभे करून नुसते बोलविले आहे? दुसरी, ज्याच्याशी नायकाचा झगडा आहे त्याचीही बाजू ऐकून घेतली आहे काय? आणि तिसरी, शेवट ठाऊक असताना तो चित्रपट पुन्हा पाहावासा वाटतो काय? सवलतीचे गुण आमच्याकडे नाहीत. जुना म्हणून नाहीत, परदेशात गाजला म्हणून नाहीत, आणि आपला म्हणून तर मुळीच नाहीत. १९३६ सालची ध्वनियंत्रे आजच्यासारखी नव्हती हे खरे. पण माणसाचा चेहरा, नजर आणि स्तब्धता ही सामग्री त्याही वर्षी पुरेपूर उपलब्ध होती.

प्रारंभ घरच्या विद्यार्थ्यापासून करू. ‘संत तुकाराम’, १९३६, प्रभात फिल्म कंपनी. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. ते आपण तूर्त बाजूला ठेवू. विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरची निर्मळता खरीच, पण या चित्रपटाला मोठेपण आणले आहे ते गौरी यांच्या जिजाईने. घरात दाणा नाही, पोर आजारी आणि नवरा भजनात दंग. ती बाई वहाण घेऊन थेट विठोबापुढे जाऊन उभी राहते! संतपटात देवाला जाब विचारणाऱ्या बायकोला अशी प्रतिष्ठा मिळणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. तिचा संसाराचा पक्ष इतका जोरकस मांडला आहे, म्हणूनच तुकोबांच्या विरक्तीला वजन येते. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि जिजाई मागे, जमिनीवर राहते. प्रेक्षकाचे डोळे आकाशाकडे लागतात, मन मात्र तिच्यापाशी घुटमळते. चमत्कारांच्या युक्त्या आज उघड्या पडतात, आणि सालोमालोला त्याची अशी बाजूच दिलेली नाही. त्याबद्दल दहा गुण वजा. नव्वद.

दुसरा विद्यार्थी ‘कुंकू’, १९३७, दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. तरुण नीराला फसवून एका वयस्क वकिलाच्या गळ्यात बांधले जाते आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. पहिल्या कसोटीला हा चित्रपट अव्वल उतरतो. भावना उसनी आणणारे पार्श्वसंगीत त्यात नाही. घरातले आणि रस्त्यावरचे खरे आवाजच संगीताचे काम करतात. भिंतीवरचे जुने घड्याळ तर त्या घरातले एक पात्रच होऊन बसते. शांता आपटे यांची नीरा आजही अंगावर येते, आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब केवळ खलपुरुष नाहीत. त्यांना आपली चूक कळत जाते, आणि ते कळणे आपण पाहतो. मग गुण कोठे जातात? शेवटात. काकासाहेब पत्र लिहून ठेवतात आणि जीव देतात. नीराने विचारलेला प्रश्न जिवंत नवऱ्याविषयीचा होता; नवरा मेल्यावर तो सुटत नाही, नुसता संपतो. तत्कालीन समाजाला याहून अधिक पेलले नसते, असे कोणी म्हणेल. पण आम्ही प्रारंभीच सांगितले आहे, सवलतीचे गुण नाहीत. ब्याऐंशी.

तिसरा ‘शेजारी’, १९४१, दिग्दर्शक पुन्हा शांताराम. जिवबा आणि मिर्झा, बुद्धिबळाच्या पटावर जमलेले दोन म्हातारे मित्र; गावात धरण बांधणाऱ्या ठेकेदाराच्या कारस्थानाने त्यांच्यात वितुष्ट येते. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांनी ते मैत्र असे रंगविले आहे की रुसवा आला तरी पटावरची सवय सुटत नाही. पुढे धरण फुटते, पाणी उसळते, प्रेक्षक थक्क होतात. पण पटावरच्या एका रिकाम्या जागेने जे सांगितले असते, ते सांगायला धरण फोडावे लागले, अशी चुटपुट राहते. पंचाहत्तर. तरीही हिंदू-मुसलमानांच्या शेजाराविषयी इतके घरगुती बोलणारा चित्रपट आज पाहताना आम्हांला त्याची गरज कमी झाल्यासारखी वाटत नाही.

आता बाहेरचे दोन विद्यार्थी. इटलीचे व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्हज’, १९४८. युद्धानंतरच्या रोममधला एक बेकार गृहस्थ. भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते, पण त्याला सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण ठेवून सायकल सोडवून आणते. गहाणाच्या दुकानातला नोकर ते गाठोडे ठेवायला फळ्यांवरून वर वर चढत जातो, आणि तेथे छतापर्यंत तसलीच गाठोडी रचलेली दिसतात. सबंध शहराचे दारिद्र्य एका शब्दावाचून सांगून झाले! पुढे सायकल चोरीला जाते. चोर सापडतो, तर तोही तितकाच दरिद्री. आमच्या दुसऱ्या कसोटीचे याहून चोख उत्तर आम्ही पाहिले नाही. पंच्याण्णव.

हाच चित्रपट १९५० साली लंडनमध्ये पाहून सत्यजित राय यांचा निश्चय पक्का झाला, आणि १९५५ साली ‘पथेर पांचाली’ पडद्यावर आला. दुर्गा मरण पावल्यावर तिने पूर्वी चोरलेली माळ धाकट्या अपूच्या हाती लागते. तो ती तळ्यात भिरकावतो; शेवाळ क्षणभर फाकते आणि हळूहळू पुन्हा मिटते. बहिणीचे गुपित भावाने पोटात घातले. तोंडाने कोणी काही बोलत नाही. पंच्याण्णव.

आमचे गुण अखेरचे आहेत काय? मुळीच नाही. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेते. पहिल्या खेपेस ‘बायसिकल थीव्हज’ अग्रस्थानी होता. १९६२ पासून २००२ पर्यंत पाचही वेळा ऑर्सन वेल्स यांचा ‘सिटिझन केन’ पहिला आला. २०१२ साली हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ने ती जागा घेतली, आणि २०२२ साली शांताल आकेरमान या बाईंच्या ‘जान दिलमान’ने. उत्तरपत्रिका त्याच होत्या, परीक्षक बदलले. त्या ‘केन’ला आम्ही अठ्ठ्याहत्तर देतो. न्याहारीच्या टेबलावर एका लग्नाची वर्षे काही मिनिटांत विझत जाताना दाखविली आहेत, ती अजोड आहेत. पण पुन्हा पाहताना माणसापेक्षा कॅमेराच अधिक लक्षात राहतो. आपण शंभर दिलेत तरी आमची तक्रार नाही. मात्र पाहून द्या.

मुख्य गोष्ट येथेच आहे. आपल्याकडे जुन्या चित्रपटांना न पाहताच शंभर गुण देण्याची पद्धत पडली आहे. ‘प्रभातचा काळ’ म्हटले की माना डोलतात, हात जोडले जातात आणि विषय संपतो. अशा आदराने चित्रपट जगत नाहीत. मूकपटांच्या काळात हिंदुस्थानात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले फार थोडे, तेही पुष्कळदा तुकड्यांनी, शिल्लक आहेत. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याला गुण कसे द्यावेत? त्या काळची नायट्रेटची फीत चटकन पेटते, आणि नाही पेटली तरी कुजते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्यांनी गावोगावची रिळे गोळा केली, म्हणून उरले ते उरले. तरीही २००३ सालच्या जानेवारीत पुण्यातच आग लागून नायट्रेटवरची कितीतरी रिळे भस्मसात झाली.

आग विझविणे तुमच्या-आमच्या हातात नाही, पाहणे आहे. यांतले कित्येक चित्रपट आज घरबसल्या पाहता येतात. ज्या चित्रपटाला कोणी पाहणारा नाही, त्याची प्रत दुरुस्त करायला पैसे खर्च करा, असे कोणी कोणाला कोणत्या तोंडाने सांगावे? ज्याला आपण मनापासून ब्याऐंशी गुण देतो आणि उरलेल्या अठरांसाठी भांडतो, त्या चित्रपटाची चौकशी आपण करीत राहतो. ज्याला न पाहता शंभर देतो, त्याला आपण विसरलेलोच असतो.

तेव्हा आमची एवढीच विनंती आहे. या महिन्यात ‘कुंकू’ पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि मुलींना बरोबर घेऊन पाहा, आणि प्रत्येकाने स्वतंत्र कागदावर गुण मांडा. आकडे जुळले नाहीत तर वाद घाला. आमच्या ब्याऐंशींवर काट मारून आपला आकडा लिहिलात, तर हे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू.