कारवीची लागवड : आधी बी धरा, मग काठी तोडा
(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



मरोळ-मरोशीकडून आरेच्या टेकड्यांवर गेलं, की उतारावर माणसाहून उंच, खरखरीत पानांचं झुडूप दाटीनं उभं दिसतं. ती कारवी. पाड्यांवरच्या घरांना भिंती दिल्या त्या तिनंच. काठ्या उभ्या रचून बांधायच्या, शेणमातीनं लिंपायच्या, की कूड तयार. शिवाय पावसाच्या माऱ्यात उताराची माती ती धरून ठेवते, आणि फुलोऱ्याच्या साली मधमाश्यांना भरपूर मध मिळतो.

तुम्ही म्हणाल, रानात आपोआप येते, ती लावायची कशाला? कारण कारवी आयुष्यात एकदाच फुलते. आपल्याकडे साधारण आठ वर्षांनी, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, टेकडीच्या टेकडी जांभळी होते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली बहरली. बी झालं, की झाड वाळून मरतं. बी पडण्याआधीच काठी तोडली, तर त्या जागेचं पुढचं पीकच गेलं.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. फुलोऱ्याचं साल लिहून ठेवा. प्रत्येक डोंगराचं साल सारखं नसतं. आपल्याकडचा पुढचा मोठा बहर २०३२ च्या सुमारास अपेक्षित आहे.

२. फुलोऱ्यानंतर बोंडं वाळतात आणि तडतड फुटून बी उडवतात. त्याआधीच वाळत आलेल्या तुऱ्यांना पातळ कापडाची पिशवी सैल बांधा.

३. बी कोरडं ठेवा. जूनमध्ये माती, वाळू व कुजलेलं खत घातलेल्या पिशव्यांत वरवर पेरा. पाणी साचू देऊ नका.

४. आपल्याच बांधावर झाडाखाली रोपं दाट उगवली असतील, तर ढगाळ दिवशी मातीच्या गड्ड्यासह काही उचला आणि उतारावर हात-दीड हात अंतरानं लावा.

५. पहिली दोन वर्षं गुरं आणि वणवा यांपासून जपा. उन्हाळ्यात पानं झडली म्हणून रोप मेलं असं समजून उपटू नका.

६. कुडासाठी काठी हवी असेल, तर बी पडून गेल्यावर वाळलेलीच तोडा.

एक सूचना महत्त्वाची. राष्ट्रीय उद्यानातून बी, रोप किंवा काठी आणायला कायद्यानं मनाई आहे. बी आपल्या मालकीच्या जागेतलं घ्या, किंवा वनखात्याच्या रोपवाटिकेत चौकशी करा.

भाताचं बियाणं एका साली चुकलं, तर पुढच्या साली आणता येतं. कारवीचं चुकलं, तर आठ वर्षं थांबावं लागतं. तेव्हा मंडळी, बांधाचा एक कोपरा तिच्यासाठी राखा. नमस्कार.