प्रतवारी : नजरेची आणि संगणकाची
(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, हे मी जाणतो. कत्तलखान्यातील गोमांसाच्या धडात मांस किती, चरबी किती आणि हाड किती, याचा अंदाज संगणकाच्या साहाय्याने परदेशांत कसा केला जातो, हे मला सांगावयाचे आहे. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गायीच्या आणि २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. तेव्हा हा धंदा येथे आणावा असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. माझा प्रश्न निराळा आहे. शेतकऱ्याच्या मालाची प्रत माणसाच्या नजरेवर ठरत असेल, तर माणसाच्या जागी यंत्र आणल्याने शेतकऱ्याला न्याय मिळतो काय? कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात ज्यांनी केंद्रावर गाडी उभी केली, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावयास नको. ग्रेडरने मूठभर कापूस हातात घेतला, एक शब्द उच्चारला, की वर्षाच्या कष्टाचा भाव ठरला.

युरोपातील गोपालकाची स्थिती फारशी वेगळी नव्हती. १९८१ साली तेथील आर्थिक समुदायाने सर्व सदस्य देशांसाठी एकच प्रतवारी ठरविली. धडाच्या बांध्यासाठी ई, यू, आर, ओ आणि पी ही पाच अक्षरे, आणि चरबीच्या थरासाठी एक ते पाच असे अंक. ई म्हणजे उत्तम भरलेला बांधा, पी म्हणजे कृश. (ही पाच इंग्रजी अक्षरे क्रमाने जोडली की ‘युरोप’ हा शब्द तयार होतो. सरकारी खात्यांनाही कधी कधी विनोद सुचतो तो असा.) पुढे प्रत्येक वर्गाचे तीन पोटभाग करून पंधरा पायऱ्या करण्यात आल्या. वरच्या रुळावरून धडे सरकत जातात आणि प्रतवारी करणाऱ्याला एकेका धडासाठी थोडेच क्षण मिळतात. सकाळची नजर आणि संध्याकाळची थकलेली नजर एकच निकाल देईल, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

खरे उत्तर हवे असेल तर ते सुरीच देते. अर्धे धड घेऊन मांस, चरबी व हाडे वेगवेगळी करावयाची आणि तोलावयाची. परंतु हे काम अतिशय वेळखाऊ व खर्चाचे असून धड विक्रीस निरुपयोगी करून टाकते. प्रयोगशाळेत थोड्या धडांवर ते करता येते, बाजारात नाही. म्हणून अंदाजाचा मार्ग शोधावा लागला.

अमेरिकेत बाराव्या व तेराव्या बरगडीच्या मधून धड छेदतात व उघड्या पडलेल्या भागावर मोजमाप घेतात. पाठीच्या स्नायूचे क्षेत्रफळ, त्यावरील चरबीची जाडी, मूत्रपिंड व हृदय यांच्याभोवतीची चरबी आणि धडाचे वजन, या चार गोष्टींवरून सूत्राने एक ते पाच अशी प्रत निघते, एक सर्वोत्तम. बाहेरील चरबीचा थर चार-दशांश इंचाने वाढला की प्रत एका पूर्ण अंकाने घसरते. या छेदाचे व्हिडिओ-चित्र घेऊन संगणकाने मोजणी करण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष तेथील संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केले.

युरोपात धड न छेदता बाहेरून पाहण्याची रीत आहे, त्यामुळे काम अधिक अवघड. एका जर्मन यंत्राची पद्धत सांगतो. प्रथम साध्या प्रकाशात छायाचित्र घेतले जाते. त्यावरून संगणक लांबी, रुंदी, कोन व क्षेत्रफळे मोजतो आणि रंगावरून लाल मांस व पांढरट-पिवळी चरबी वेगळी ओळखतो. नंतर धडावर प्रकाशाचे पट्टे टाकून दुसरे चित्र घेतात. पायऱ्यांवर पडलेली काठीची सावली जशी मोडते, तसे हे पट्टे उंचवट्यांवर वाकतात आणि त्या वाकण्यावरून मांडीचा व पाठीचा फुगवटा कळतो.

आयर्लंडमध्ये १९९९-२००० मध्ये जर्मनी, डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलिया येथील तीन यंत्रांची चाचणी झाली. बांधा ओळखण्यात यंत्रे चांगली ठरली, चरबीत कमी पडली. २००३ साली युरोपीय संघाने यांत्रिक प्रतवारीस मान्यतेचे नियम केले आणि २००४ पासून आयर्लंडमधील कत्तलखान्यांत यंत्रे कामास लागली.

त्या नियमांतील परीक्षा आपल्या शिक्षक बंधू-भगिनींनी लक्षात घेण्यासारखी आहे. निदान सहाशे धडे यंत्रासमोरून जातात. तीच धडे किमान पाच परवानाधारक तज्ज्ञ स्वतंत्रपणे पाहतात. त्यांचे निकाल चढत्या क्रमाने मांडून मधला निकाल बरोबर मानतात. बांध्याच्या बाबतीत यंत्राचे उत्तर तंतोतंत जुळले तर दहा गुण, एका पायरीचा फरक पडला तर सहा, दोन पायऱ्यांचा पडला तर उणे नऊ. चरबीसाठी मात्र एका पायरीला नऊ गुण आणि दोन पायऱ्यांना शून्य, म्हणजे नियमच सौम्य. साठ टक्के गुण मिळाले तर यंत्र उत्तीर्ण.

येथे थोडे थांबावे असे मला वाटते. यंत्राची परीक्षा सुरीच्या उत्तराशी होत नाही, ती पाच माणसांच्या नजरेशी होते. म्हणजे यंत्र धडातील खरे मांस सांगत नाही. तज्ज्ञ काय म्हणाले असते ते, न थकता व ओळखीपाळखी न पाहता सांगते. हा लाभ लहान नव्हे, परंतु तो रास्तपणाच्या अलीकडचा आहे. कॅमेऱ्यासमोर येण्यापूर्वी कोणी धडावरची चरबी जास्त खरवडून काढली तर वजन घटते आणि यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच धड कोणत्या स्वरूपात सादर करावे याचे नियम करावे लागले आणि खात्याचे अधिकारी पूर्वसूचना न देता तपासणीस जातात. यंत्र कत्तलखान्याचे असते, प्रत ठरते ती शेतकऱ्याच्या मालाची. शिवाय २००९ च्या अखेरीस तेथे पंधरा पायऱ्यांनुसार भावाचा तक्ता लागू झाल्यापासून एका पायरीचा फरकही थेट पैशांत दिसू लागला. आपल्या दूध संकलन केंद्रावरील फॅट मोजणाऱ्या यंत्राविषयी सभासद जे प्रश्न विचारतात, तेच प्रश्न तेथेही विचारले जातात.

एक उपयोग मात्र यंत्र बसविताना फारसा कोणाच्या ध्यानीमनी नसावा. छायाचित्रे साठवून ठेवलेली होती. पुढे संशोधकांनी त्यांची सांगड प्रत्यक्ष कापून तोललेल्या तुकड्यांच्या वजनांशी घातली आणि धडात महागाचे मांस किती व स्वस्ताचे किती याचा अंदाज चित्रावरूनच काढला. आता तो तज्ज्ञांच्या अक्षरांवर नव्हे, तराजूवर बेतलेला होता. आयर्लंडच्या गोपैदास संस्थेने ही माहिती वळूंच्या निवडीसाठी वापरली.

पंधरा पायऱ्यांचा एक तक्ता मी सोबत आणला आहे. ज्यांना तो पाहावयाचा असेल त्यांनी चहापानाच्या वेळी अवश्य पाहावा.